पोर्टचा पंचनामा

लॅपटॉपच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढी जी लांबट चौकोनी खाच असते आणि जिच्यात पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटरची केबल किंवा बोटांचे ठसे घेणारे यंत्र जोडता येते, तिला यूएसबी पोर्ट म्हणतात. हा पोर्ट बिघडला असता बिघाड शोधण्याच्या दोन पद्धती प्रचलित असून पहिली तांत्रिक पुस्तिकांमध्ये वर्णिलेली आहे व दुसरी प्रत्यक्षात वापरली जाते. पहिल्या पद्धतीत एक माणूस क्रमाने अनेक चाचण्या करतो; दुसऱ्या पद्धतीत अनेक माणसे क्रमाने एकच चाचणी करतात. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरील एरंडोल या तालुक्याच्या गावी ही दुसरी पद्धत पूर्ण विकसित स्वरूपात पाहावयास मिळते. पुण्या-मुंबईकडे ती नाहीच असे नव्हे, परंतु तिकडे मनुष्यबळाचा तुटवडा असतो.

पोर्टचा इतिहास फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरसाठी एक, माउससाठी दुसरे, कळफलकासाठी तिसरे आणि मोडेमसाठी चौथे अशी वेगवेगळ्या आकारांची भोके असत, आणि कोणती वायर कोठे जाते हे ठाऊक असणाऱ्या मनुष्यास कार्यालयात साहेबाच्या खालोखाल मान असे. ही अडचण दूर करण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांच्यासह सात कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये ‘युनिव्हर्सल सिरियल बस’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. मानक म्हणजे सर्व उत्पादकांनी पाळावयाचे माप आणि नियम. या कामात इंटेलमधील ज्या अभियंत्यांचा पुढाकार होता त्यांतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. कोणाही सामान्य माणसाला जाणकाराची मदत न घेता उपकरण जोडता यावे, हा या खटाटोपाचा हेतू होता. तो इतका सफल झाला की आता कोणीही सामान्य माणूस जाणकाराला हात लावू देत नाही.

खाचेच्या आत प्लास्टिकची एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर, साध्या प्रकारच्या पोर्टमध्ये, धातूच्या चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन पट्ट्यांतून पाच व्होल्टचा वीजपुरवठा होतो, मधल्या दोन पट्ट्यांतून माहिती ये-जा करते. खाचेत जाणाऱ्या पिनेवरही अशाच चार पट्ट्या असून तिच्या कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा किंचित लांब ठेवलेल्या असतात, कारण उपकरणाला आधी वीज मिळावी व मग त्याने बोलावयास लागावे अशी योजना आहे. या एका मिलिमीटरच्या फरकाने एरंडोलातील पुष्कळसा वाद निर्माण केलेला आहे. जोडणी अर्धवट बसली, की लांब पट्ट्या टेकतात, आखूड पट्ट्या टेकत नाहीत. परिणामी माउसच्या पोटातला लाल दिवा लागतो, परंतु पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. अशा वेळी पाहणाऱ्यांत हटकून दोन पक्ष पडतात. ‘लाइट लागतोय म्हणजे पोर्ट चांगला आहे’ हा पहिला पक्ष संख्येने मोठा असून, ज्या जिल्ह्यात भारनियमनाची आठवण ताजी आहे तेथे दिवा लागणे हीच सर्व सुस्थितीची खूण मानली जाणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे बरोबर असते, पण त्याला दिव्यासारखा पुरावा दाखवता येत नाही.

येथे हा पोर्ट कोणाची खासगी मालमत्ता राहत नाही, याची कारणे मुख्यतः प्रशासकीय आहेत. आधारशी निगडित कामासाठी सेवा केंद्रात जो अंगठा टेकवावा लागतो, त्याचे यंत्र यूएसबीनेच जोडलेले असते. सातबाऱ्यावर जी डिजिटल सही होते, तिची गुप्त किल्ली डोंगल नावाच्या, पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या उपकरणात साठवलेली असते. म्हणजे नव्या पदनामाने ग्राम महसूल अधिकारी झालेले परंतु गावाच्या तोंडी अजून तलाठी आप्पाच राहिलेले गृहस्थ खुर्चीवर बसलेले आहेत, लॅपटॉप चालू आहे, सर्व्हरही त्या दिवशी अपवादाने चालू आहे, आणि तरीही अख्ख्या सज्जाची सही एका खाचेमुळे अडून राहू शकते. पेरणीपूर्वी कर्जासाठी उतारे लागतात, दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखले लागतात, आणि दोन्ही हंगाम जूनमध्ये एकत्र येतात. तेव्हा ज्या क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’, म्हणजे ‘जोडलेले उपकरण ओळखू येत नाही’, अशी सूचना झळकते, त्या क्षणी रांगेतील प्रत्येकजण तक्रारदार न राहता पंच होतो. ‘काय जयं रे भो?’ असा अहिराणीत प्रश्न येतो आणि उत्तराची वाट न पाहता एक हात पुढे होतो.

या हाताचे कार्य सर्वत्र सारखेच आहे: तो पेनड्राइव्ह किंवा डोंगल बाहेर काढतो, त्याकडे एकदा पाहतो आणि पुन्हा आत घालतो. उपकरण चालत नाही. यावरून ते चालत नाही असा निष्कर्ष काढला जाईल अशी अपेक्षा असेल तर ती चुकीची आहे. निष्कर्ष एवढाच निघतो की या माणसाच्या हाताने ते चालत नाही. त्यामुळे नाना बाजूला होतात व तात्या पुढे येतात, तात्यांनंतर शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक जाते, आणि झेरॉक्सवाला आल्यावर आधीच्या दोघांनी नेमके काय केले हे न विचारता तेच करतो. एकाने केलेली चाचणी दुसऱ्याला ग्राह्य नसणे हे वैज्ञानिक वृत्तीचे लक्षण आहे असे कोणी म्हणू शकेल, आणि प्रयोगाची पुनरावृत्ती हा विज्ञानाचा पाया आहे हे खरेच. परंतु विज्ञानात दुसऱ्या प्रयोगाआधी पहिल्याची नोंद वाचतात.

यात आणखी एक गुंता आहे. जुन्या घडणीची चपटी यूएसबी पिन, जिला टाइप-ए म्हणतात, एकाच बाजूने बसते, आणि ती पहिल्या प्रयत्नात बसत नाही हा जगभरचा अनुभव आहे. ती प्रथम घातली जाते, अडते, उलटी केली जाते, पुन्हा अडते, आणि मग मूळ स्थितीत आणल्यावर सुरळीत बसते. दोन बाजूंच्या वस्तूला तिसरी बाजू कोठून येते याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही. दोन्हीकडून बसणारी पिन तेव्हाच का केली नाही, याचे उत्तर मात्र भट्ट यांनी पुढे दिले आहे: त्यासाठी तारा व जोडण्या दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता, आणि नव्या मानकाला महागडे असणे परवडणारे नव्हते. दोन्हीकडून बसणारी टाइप-सी पिन, चोवीस जोडण्यांसह, २०१४ साली आली. एरंडोलात ती मोबाइलबरोबर पोचली असली तरी डोंगल आणि अंगठ्याचे यंत्र अजून बव्हंशी जुन्याच पिनेवर आहेत.

आता थोडे गणित करणे आवश्यक आहे, कारण या पद्धतीचे मर्म त्यात आहे. मूळ मानकाप्रमाणे टाइप-ए जोडणीने किमान १५०० वेळा आत-बाहेर सोसले पाहिजे. टाइप-सीसाठी हा आकडा १०,००० आहे. १५०० हा आकडा एका माणसाच्या दृष्टीने उदार आहे, कारण दिवसाला एकदा पेनड्राइव्ह लावणाऱ्यास तो चार वर्षे पुरतो. परंतु दहा पंच आणि प्रत्येकी तीन प्रयत्न धरले, तर एका सकाळच्या चौकशीत तीस खेपा होतात, आणि अशा पन्नास सकाळींत पोर्टचे विहित आयुष्य संपते. उलट्या बाजूने केलेला अयशस्वी प्रयत्न तांत्रिकदृष्ट्या खेप धरला जाणार नाही, अशी हरकत येथे घेता येईल. मात्र प्लास्टिकच्या जिभेला हा नियम कोणी कळवलेला नसतो, आणि उलटी पिन जोराने रेटली असता हिशोबातून जी सूट मिळते तीच जिभेला सर्वाधिक भोवते. तात्पर्य, पहिल्या दिवशी पोर्ट बिघडलेला असतोच असे नाही. डोंगलवर धूळ असेल, लॅपटॉपला झोप लागली असेल. चौकशी पूर्ण होईपर्यंत मात्र तो निश्चितपणे बिघडतो, आणि त्यामुळे ‘पोर्टच गेलेला आहे’ हे ज्या पंचाने सर्वात आधी सांगितले होते त्याची गावातली पत वाढते.

खानदेशात या खाचेत काय साठते, याचा स्वतंत्र विचार व्हावा. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो आणि जिनिंगची, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करण्याची, यंत्रे सुरू होतात. या यंत्रांच्या परिसरात रुईचे अतिसूक्ष्म तंतू हवेत तरंगत असतात आणि हिशोबनीसाच्या लॅपटॉपला त्यातून वगळण्याची सोय निसर्गात नाही. तंतू खाचेत शिरतात, पेनड्राइव्हने मागे रेटले जातात आणि तळाशी त्यांची घट्ट नमद्यासारखी गादी तयार होते. पिन शेवटपर्यंत जात नाही, लांब पट्ट्या टेकतात, आखूड टेकत नाहीत, दिवा लागतो. उपाय साधा आहे: लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि लाकडी दातकोरणीने किंवा कोरड्या मऊ ब्रशने गादी हलकेच उचलून काढावी. व्यवहारात आधी फुंकर मारली जाते. फुंकरीतील दमटपणा पट्ट्यांवर बसून गंज धरण्यास मदत करतो, याउपर तिचा उपयोग फुंकणाऱ्याच्या समाधानापुरता आहे. फुंकरीनंतर सेफ्टी पिन निघते, तीही लॅपटॉप चालू असताना. खाचेची धातूची भिंत वीजपुरवठ्याच्या परतीच्या तारेला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेली असते, आणि सेफ्टी पिनेचे टोक पाच व्होल्टच्या पट्टीला व अंग भिंतीला एकाच वेळी लागले की शॉर्टसर्किट होते. दिवा लागण्याचा जो एक पुरावा शिल्लक होता तोही मग नाहीसा होतो.

पिन सैल बसत असेल तर स्थानिक परंपरा कागदाकडे वळते. एरंडोल हे एकेकाळी देशी हातकागदासाठी नावाजलेले गाव होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये त्या धंद्याचे अवशेष टिकून असल्याची नोंद आहे. धंदा गेला, तरी कागदावरील विश्वास गेलेला नाही. वर्तमानपत्राचा बोटभर तुकडा, चार घड्या घालून, पिनेच्या खाली पाचरीसारखा सारला जातो आणि डोंगल वर उचलला जाऊन चालू लागतो. हा उपाय खरोखर चालतो, हेच त्यातील अनिष्ट आहे. वर उचललेली पिन जिभेला सतत वाकवत राहते, जिभेमागच्या डागणीला, म्हणजे पोर्ट मुख्य पट्टीवर ज्या सोल्डरने चिकटवलेला असतो त्याला, तडा जातो, आणि ज्या कागदाने सही वाचवली तोच पुढे सहीचा मार्ग बंद करतो. दरम्यान त्या डोंगलला हात लावू नये अशी चिठ्ठी लॅपटॉपवर चिकटवलेली असते. तीही कागदाचीच.

लॅपटॉपला साधारणतः दोन किंवा तीन पोर्ट असतात. एक गेला की दुसऱ्यावर काम सुरू होते, दुसरा गेला की तिसऱ्यावर. लोकपरंपरा एरंडोललाच महाभारतातील एकचक्रा नगरी मानते. बकासुराकडे रोज एका घराने गाडाभर अन्न आणि माणूस पाठवावा अशी तेथील वाटणी होती व भीम येईपर्यंत ती निमूट पाळली गेली. ज्या नगरीने राक्षसाचीही पाळी लावून घेतली, तिने पोर्टांची पाळी लावावी यात नवल नाही, आणि शेवटच्या पोर्टची पाळी आल्यावरच कोणाला तरी भीमाची आठवण होते, हेही मूळ कथेला धरूनच आहे.

‘बंद करून पुन्हा चालू कर’ असे सांगणारा एक सल्लागार प्रत्येक जमावात असतो आणि त्याच्याकडे तुच्छतेने पाहिले जाते, कारण हा सल्ला द्यायला काही यावे लागत नाही. शास्त्र मात्र त्याच्या बाजूचे आहे. अनेक संगणकांत पोर्टच्या पाठीशी पॉलिफ्यूज किंवा तत्सम संरक्षक भाग असतो: प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की तो तापून वीज अडवतो, आणि पुरवठा तोडून थंड होऊ दिले की आपोआप पूर्ववत होतो. म्हणून लॅपटॉप बंद करणे, चार्जर काढणे, शक्य असल्यास बॅटरी वेगळी करणे आणि चालू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरणे, जेणेकरून आत उरलेला विद्युतभार निघून जाईल, हा विधी पुष्कळदा मृत वाटणारा पोर्ट उठवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना थंड होण्यास थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. जमाव तो देत नाही. विसाव्या सेकंदाला पंच पुन्हा पुढे सरकलेले असतात.

यानंतर भाच्याला फोन लागतो. तालुक्यातील प्रत्येक घराला पुण्यात नोकरी करणारा एक भाचा असतो आणि मामाकडचा लॅपटॉप ही त्याची आजन्म जबाबदारी असते. तांत्रिकदृष्ट्या या सल्लागाराचे महत्त्व असे, की लांब असल्यामुळे ज्याला खाचेला हात लावता येत नाही असा तो एकटाच आहे. म्हणून त्याला विचार करावा लागतो. व्हिडिओ कॉलवर मामा मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरतात, पडद्याऐवजी छतावरचा पंखा दिसतो, आणि तेवढ्यावर भाचा ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडवून घेतो. संगणकाला जोडलेल्या सर्व भागांची ही हजेरीपत्रिका होय. जो भाग नीट काम करत नाही त्याच्यापुढे उद्गारचिन्ह असलेला पिवळा त्रिकोण दिसतो. त्रिकोण असलेली नोंद काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला, की ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची भाषा संगणकाला समजावून देणारी आज्ञावली, नव्याने बसते. दुसरा उपाय ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर असतो. बॅटरी वाचावी म्हणून संगणक वापरात नसलेल्या पोर्टची वीज तोडतो, आणि काही उपकरणे एकदा झोपली की उठत नाहीत. तेथील चौकोनातली खूण काढली की झोपवणे थांबते. हे सर्व सांगत असताना भाचा ‘मामा, आता डोंगल काढून पुन्हा लावा’ असे म्हणतो, आणि तेवढे एक वाक्य जमावातील सर्वांना एकाच वेळी ऐकू जाते.

भाच्याने सुचवलेली सर्वात निर्णायक चाचणी मात्र क्वचितच पार पडते. तीच वस्तू दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहावी आणि दुसरी, चालू असल्याची खात्री असलेली वस्तू या पोर्टला लावून पाहावी: दोन मिनिटांत दोष उपकरणात आहे की खाचेत, हे कळते. अडचण इतकीच, की दुसऱ्या लॅपटॉपचा मालक ‘पेनड्राइव्ह कोणाचा?’ असे विचारतो. एके काळी पेनड्राइव्हमधील सगळ्या फायली दडवून त्यांच्या जागी फसवे शॉर्टकट ठेवणाऱ्या विषाणूने गावोगावच्या कॅफेंत जो धुमाकूळ घातला, त्याची भीती अजून गेलेली नाही. जो माणूस दुसऱ्याच्या पोर्टमध्ये बेधडक दहा वेळा पिन घालतो, तोच स्वतःच्या पोर्टजवळ कोणाला फिरकू देत नाही, आणि त्याचे पोर्ट शाबूत का असतात याचे उत्तर त्यातच आहे.

जमाव निराश होऊ लागला, की जागतिक दाखले दिले जातात. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर त्यांच्या सहकाऱ्याने, उपकरण नुसते जोडताच कसे ओळखले जाते हे दाखवण्यासाठी, विंडोज ९८ असलेल्या संगणकाला यूएसबीने स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर संगणक कोलमडल्याची निळी पाटी झळकली. आपण ही प्रणाली अजून बाजारात का आणलेली नाही ते हेच, अशा अर्थाचे काही बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. सेवा केंद्रचालकाला ही सवलत नसते. दुसरा दाखला जवळचा आहे. विप्रो ही संगणक क्षेत्रातील बडी कंपनी १९४५ साली शेजारच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि ज्या अमळनेरकरांनी तिचे शेअर सांभाळून ठेवले त्यांच्या नशिबाच्या कथा खानदेशभर सांगितल्या जातात. यावरून संगणक हा मूळचा आपल्याच भागातील असून त्याला हात लावण्याचा आपला वडिलोपार्जित हक्क आहे, असे अनुमान कोणीतरी काढतोच. शेअरप्रमाणे पोर्टलाही न हाताळण्यातच फायदा आहे, हा अर्धा धडा मात्र अमळनेरातच राहतो.

अखेर लॅपटॉप पिशवीत घालून तीसेक किलोमीटरवरच्या जळगावला, गोलाणी मार्केटमध्ये नेला जातो. सोबत किमान दोघे जातात, कारण एकट्याला फसवतात. तेथील कारागीर लॅपटॉप उघडतो, पोर्ट लहान वेगळ्या पट्टीवर असेल तर ती पट्टीच बदलतो, मदरबोर्डवर असेल तर गरम हवेच्या बंदुकीने जुना पोर्ट सोडवून नवा डागतो. पहिले काम स्वस्त, दुसरे महाग, आणि कोणते निघणार हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. खाचेतून त्याने चिमट्याने काढलेल्या मालात रुई, बातमीचा एक तुकडा आणि दातकोरणीचे टोक असते. ‘कोणी कोणी हात लावला होता?’ असे तो विचारतो. कोणीच लावलेला नसतो. मग तो स्वतःचा पेनड्राइव्ह एकदाच, पहिल्याच प्रयत्नात सरळ, आत घालतो. संगणकाचा ‘टिडिंग’ असा ओळख पटल्याचा आवाज येतो. आणि गॅरंटीविषयी विचारले असता ‘फक्त चेकिंग वॉरंटी’ असे सांगतो, म्हणजे काउंटरवर तपासून घ्याल तेवढीच जबाबदारी, दुकानाबाहेर पाऊल टाकले की संपली. हे ऐकून सोबत आलेले दोघे पुढे होतात, आणि वॉरंटी वाया जाऊ नये म्हणून आळीपाळीने पेनड्राइव्ह काढून घालू लागतात.